हिंमतीचं इंजेक्शन

बंदूक भिंतीला टेकवून ठेवली होती. काडतुसं सापडत नव्हती, एवढ्याच कारणाने सुलतान अजून जिवंत होता.

दिवाळीतल्या पाडव्याची सकाळ होती. मी तेव्हा मानवतला पशुवैद्यकीय दवाखान्यात होतो. माझ्या पदाचं नाव सरकारी कागदावर भारदस्त होतं, पण लोक मला ढोराचा डॉक्टर म्हणत. सुलतान हा अण्णासाहेबांचा अल्सेशियन. अण्णासाहेब जिनिंगचे मालक, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्याचे. चोरांना धाक बसावा म्हणून त्यांनी तो हैदराबादहून आणला होता. पिसाळू नये म्हणून त्याला लस देऊन घ्या, असं मी कितीदा सांगितलं. "असल्या रुबाबदार जनावराला सुई कामून टोचायची?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

दिवाळीच्या आधी ते माझ्याकडे येऊन गेले होते.

"डॉक्टर, फटाका वाजला की हे बेणं पलंगाखाली जायलंय. लय इज्जत चालली. एखादं हिंमतीचं इंजेक्शन द्या."

"असं इंजेक्शन नसतं, अण्णासाहेब. गुंगीचं असतं. पण लक्ष्मीपूजनाला त्याला आतल्या खोलीत ठेवा, दारं-खिडक्या लावून घ्या, जवळ ओळखीचं माणूस बसवा. तेवढंच पुरे."

"म्हंजे बाईवानी कोंडून ठेवू? हैदराबादचा माल हाय तो!"

कुत्र्याचे कान माणसापेक्षा फार तिखट असतात, आपल्याला जो नुसता बार वाटतो तो त्याला डोक्यातच फुटल्यासारखा वाटत असणार, हे मी समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. मान डोलावण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कोणी नव्हता.

मग लक्ष्मीपूजनाला त्यांनी स्वतःची अक्कल चालवली. भीती मोडायची म्हणून सुलतानला साखळीने गेटला बांधलं आणि त्याच्यापासून चार हातांवर सुतळी बॉम्ब लावले. एक नाही, अख्खा पुडा. कुत्रं थरथरलं, लाळ गाळू लागलं, साखळीला हिसके देऊन त्याने गळा सोलून घेतला. अण्णासाहेबांनी 'मर्द हो, मर्द हो' करत पट्टा धरला आणि सुलतानने त्यांच्या हाताचा चावा घेतला. त्या अंगणात त्या संध्याकाळी डोकं ठिकाणावर असलेला तो एकटाच होता, असं माझं आजही मत आहे.

सकाळी कुत्रं बैलगाडीखाली दबून बसलेलं. खाईना, पिईना. अण्णासाहेबांचे मेव्हणे बाबूराव पाहुणे आले होते. त्यांच्याकडे बंदुकीचा परवाना होता आणि वेळही भरपूर होता. पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं, हे त्यांना माहीत होतं. म्हणून त्यांनी परीक्षा घेतली. परीक्षा म्हणजे काय, तर पाण्याने भरलेली बादली सुलतानच्या अंगावर फेकली. सुलतान दचकून मागे सरला. झालं! निकाल लागला.

मी पोचलो तेव्हा बाबूराव मला तोच निकाल ऐकवू लागले. "डॉक्टर, सोताच्या डोळ्यानं बघितलं. पाण्याला भ्यायलंय. पिसाळलंच."

"बाबूराव, भरलेली बादली मी तुमच्या अंगावर फेकली तर तुम्ही काय कराल?"

अण्णासाहेबांनी हात पुढे केला. जखमेवर लाल तिखट दाबून भरलं होतं. विष उतरतं म्हणे. मी आधी तो हात साबणाने धुवायला लावला. ते केवढ्याने ओरडले! सुलतानने कान टवकारले.

मी कुत्र्याकडे लांबून पाहिलं, मग हळूहळू जवळ गेलो. नाव घेतल्यावर शेपूट हललं. जबडा नीट मिटत होता, आवाज बदललेला नव्हता. पण नुसतं बघून कुठलाच शहाणा डॉक्टर छातीठोक सांगणार नाही. कुत्रं नजरेखाली ठेवायचं. पिसाळलेलं असेल तर दहा दिवसांच्या आत मरतं, नसेल तर धडधाकट राहतं.

"त्याला दया दाखवा" असं म्हटलं असतं, तर बाबूरावांना काडतुसं सापडायला वेळ लागला नसता. मी दयेचं नाव काढलं नाही.

"मारा खुशाल," मी म्हणालो. "पण मग ते पिसाळलेलं होतं की नाही, हे कळणार कसं? तपासणीला त्याचा मेंदू लागतो, आणि बाबूराव नेम धरणार डोक्यावर. मग तुम्हाला सुया घ्याव्या लागतील, अण्णासाहेब. चौदा. पोटात."

त्या काळी कुत्रं चावल्यावर बेंबीभोवती चौदा सुया घेत. अण्णासाहेबांचा हात आपोआप पोटावर गेला.

"आन् कुत्रं जगलं तर?"

"ठणठणीत राहिलं तर पुढच्या सुया थांबवता येतात. माणसांच्या डॉक्टरांना विचारा."

ते सरकारी दवाखान्यात गेले आणि पहिली सुई घेऊन वाकून चालत परत आले. आल्या आल्या बाबूरावांवर कडाडले, "ती बंदूक घरात ठेव आधी!"

सुलतानसाठी मी सरकीच्या गोदामातली एक खोली निवडली. चारी बाजूंनी पोत्यांची थप्पी, त्यामुळे आत बाहेरचा आवाज जवळजवळ येतच नाही. रस्ता शांत असताना दार उघडलं, तर सुलतान आपणहून आत गेला. सोबत अण्णासाहेबांचं जुनं धोतर टाकलं, ओळखीच्या वासाला. दुपारी तो पाणी प्यायला. पाणी पिण्याने काहीच सिद्ध होत नाही. पण अण्णासाहेबांनी आनंदाने नारळ फोडला.

पुढे मला काही करावंच लागलं नाही. कुत्रं भ्यालं की खात नाही, आणि त्याने खाल्लं नाही की अण्णासाहेबांना उरलेल्या सुया दिसू लागत. त्यामुळे भाऊबीजेला पोरांनी गेटसमोर माळ लावली, तर ते स्वतः काठी घेऊन धावले. सबंध आळीत फटाका बंद! सुलतानपुढे मटणाची ताटली घेऊन बसत आणि विनवत, "खा रे राजा, खा." हा आवाज मी त्यांच्याकडून कधी ऐकला नव्हता.

विद्यापीठाच्या नामांतराच्या वादाचे दिवस होते. माझं आडनाव कळल्यापासून त्यांच्याकडे मला चहा कान तुटलेल्या कपातून यायचा. मी तो कधी प्यालो नाही. सुलतानची ताटली मात्र चकचकीत स्टीलची होती.

दहा दिवसांची मुदत संपली. सुलतान धडधाकट होता. अण्णासाहेबांच्या सुयाही थांबल्या. गावाला मात्र एवढंच दिसलं, की एका मुक्या जिवासाठी मालकाने आळीची दिवाळी बंद ठेवली. तुळशीच्या लग्नाच्या दिवशी जिनिंगच्या आवारात त्यांचा भूतदयेबद्दल सत्कार झाला. शाल, श्रीफळ, भाषणं. सुलतानच्या गळ्यात झेंडूचा हार. मला मागच्या रांगेत खुर्ची होती. अण्णासाहेब म्हणाले, "मुक्या जनावराचं दुःख आमच्याच्यानं बघवत न्हाई."

टाळ्या झाल्या. आणि त्या आनंदात बाबूरावांनी स्टेजच्या मागे हजाराची माळ पेटवली. कोणीही त्यांना अडवलं नाही. अण्णासाहेब तर हसत होते. आता त्यांचं पोट सुरक्षित होतं.

सुलतान हार तोडून सुटला आणि सरळ सरकीच्या गोदामात शिरला. दार उघडं होतं. ते उघडं ठेवायला मी रखवालदाराला सकाळीच सांगितलं होतं. भाषणं कशी संपतात, हे मला ठाऊक होतं.

जनावराची भीती घालवणारं इंजेक्शन अजून निघालेलं नाही. मालकाला अक्कल यायला मात्र एक सुई पुरते. फक्त तिचा असर मुदतीपुरताच राहतो.