खाली मोकळं आहे

काँक्रीटच्या स्लॅबमधून पाइपासाठी गोल भोक पाडायचं असलं की कोअर कटिंगचं मशीन लागतं. स्टँड बोल्टने स्लॅबला जखडायचा, नळीसारखं दातेरी बिट लावायचं, पाणी सोडायचं आणि हँडल फिरवत बिट खाली न्यायचं. हे काम माणूस कुणाचा जीव धोक्यात न घालता करतो का, हे तपासून त्याला परवान्याचं कार्ड द्यायचं की नाही, ते मी ठरवते. साइटवर मी पोचले की लोक आधी माझ्या मागे बघतात, साहेब कुठे राहिले म्हणून. साहेब नाहीत. मीच आहे.

मी उलट बोलते, हे लहानपणापासून ऐकत आलेय. हैदराबादेत विद्यानगरच्या आमच्या घरी पाहुणे आले की आईला हमखास सांगायचे, पोरीला जरा आवरा. आईने आवरलं नाही. माझ्या आजोबांचं अर्धं आयुष्य मराठवाड्यात खाली मान घालून ‘जी मालक’ म्हणण्यात गेलं होतं. हैदराबादला येऊन, पोरांना शिकवून, नोकऱ्या धरून आमच्या घराने ‘नाही’ म्हणायची ताकद कमावली. ती पाहुण्यांच्या सोयीसाठी आवरायची कशाला?

त्या साइटवरच्या मुख्य ऑपरेटरला सगळे उस्ताद म्हणत. पन्नाशीचे गृहस्थ. त्यांचं घराणंही मराठवाड्यातलं, शेतकऱ्याचं, पण जन्म इथलाच. मी मराठी बोलते म्हटल्यावर खुलले, ‘ताई, गाव कंचं?’ म्हणून विचारलं. मग आडनाव विचारलं. मी नेहमीसारखं खणखणीत आवाजात सांगितलं. ‘बरं बरं,’ म्हणाले, आणि मी ताईची मॅडम झाले. हे मला बरोबर ऐकू येतं.

परीक्षा पहिल्या मजल्यावर होती. काम उस्तादांच्या हातात मुरलेलं होतं, त्यात वाद नाही. बोल्ट हलवून पाहिला. पाण्यातून करंट आला तर वीज तोडणारा स्विच दाबून पाहिला. शर्टाची बाही वर खोचली. उरली एकच गोष्ट. भोक आरपार गेलं की काँक्रीटचा जड गोल तुकडा खालच्या मजल्यावर सुटतो. म्हणून मशीन चालवणाऱ्याने आधी स्वतः खाली जाऊन बघायचं, भोवती धोक्याची पट्टी बांधायची आणि कुणी आत येऊ नये म्हणून माणूस उभा करायचा. खालच्या खोलीला मी कुलूप घातलं होतं आणि चावी सगळ्यांना दिसेल अशी हातात धरली होती. कुणीही मागितली असती तर दिली असती.

‘खाली मोकळं आहे, मी बघून आलेय,’ मी म्हटलं. ‘करा चालू.’

उस्तादांनी मान डोलावली आणि चालू केलं.

तुकडा सुटला. मी त्यांना घेऊन खाली गेले आणि कुलूप काढलं. भोकाच्या बरोबर खाली मी प्लास्टिकची एक खुर्ची ठेवली होती, वॉचमन दुपारी टेकतात तसली, आणि तिच्यावर हेल्मेट. खुर्चीचा चुराडा झाला होता. हेल्मेट पार भिंतीशी जाऊन पडलं होतं. उस्तादांच्या तोंडचं पाणी पळालं. मग त्यांना राग आला.

‘तुम्हीच बोलल्या ना मोकळं हाय म्हणून? मोठ्या माणसाचं बोलणं तपासत बसू का मी? आमच्यात तसं चालत नाही मॅडम.’

‘आमच्यात चालतं,’ मी म्हटलं, आणि नापास लिहिलं.

या शहराला आपल्या अदबीचा फार अभिमान आहे, मलाही आहे. पण साहेबाला प्रश्न विचारणं म्हणजे बेअदबी, असं मानून माणसं मशीन चालू करतात आणि खाली दुसरीच माणसं मरतात. त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नसतं, कारण वर सगळे एकमेकांशी अगदी सभ्यपणे वागलेले असतात. या सभ्यपणाचा मला संताप येतो.

साइटचा मॅनेजर धावत आला. नव्या कामावर कार्डवालेच ऑपरेटर हवे होते, आणि त्याचा सगळ्यात जुना माणूस मी पाडला होता.

‘मेडम, इनकू पूरी साइट उस्ताद बोलती. एक साइन का तो सवाल है.’

‘हौ, उसीच का सवाल है.’

‘दूसरे लोगां फोन पर पास कर देते.’

‘तो उनकूच बुलाओ,’ मी म्हटलं. ‘मेरी साइन फोन पर नै होती.’ माझ्याऐवजी दुसरा परीक्षक आणायचा तर त्याने खुशाल आणावा, ही माझी तयारी होती. त्याने तिथल्या तिथे दोन-चार फोन लावले, पण माझ्या जागी यायला कुणी तयार होईना. शेवटी पंधरवड्याने फेरपरीक्षा ठरली. त्यातही पाडलं तर उस्तादांनी घरी बसायचं, असं त्याने माझ्यादेखत त्यांना सुनावलं.

पुढच्या रविवारी उस्ताद आमच्या घरी आले. लेक जामबागेतल्या कॉलेजात शिकते म्हणाले, या वयात दुसरं काय काम करू म्हणाले. ‘ताई, आपल्या माणसाला आपणच पाडायचं का?’ म्हणजे कार्डासाठी मी पुन्हा ताई. मला हसूही आलं आणि चीडही.

आईने चहा आणला. तो संपला तशी तिने पुन्हा कप भरला. त्यांना नको होता, ते चेहऱ्यावर लिहिलेलं होतं, पण त्यांनी तोही प्यायला. आई किटली घेऊन परत आली.

‘नको म्हणा ना,’ मी म्हटलं.

‘आईंना कसं नको म्हणू?’

‘आईला चहा नको म्हणता येत नाही आणि मला मशीन चालू करणार नाही म्हणता येत नाही. तुमचा हात चांगला आहे, उस्ताद. तुमची जीभ नापास झाली.’

उस्ताद म्हणाले, ‘तुमाला बोललेलं खपतं. आमच्या नोकरीवर येतं.’ हे खरं होतं. कार्ड हातात पडलं की कुठल्याही साइटवर काम मिळतं, एवढंच मी सांगू शकले. आईने किटली खाली ठेवली.

फेरपरीक्षेच्या दिवशी त्यांनी आल्या आल्या चावी मागितली. खाली जाऊन आले, पट्टी बांधली, जोडीदाराला तिथे उभं केलं. वर मशीनभोवतीही पट्टी ओढली. सगळं अगदी बरोबर. तरी माझं समाधान होईना. चावी मागायची हे त्यांना आता पाठ झालं होतं. पाठांतर मला नको होतं.

मशीन चालू झालं, बिट स्लॅबमध्ये उतरायला लागलं. तेवढ्यात मॅनेजर फोन उगारत आला. क्लायंटला फोटो पाठवायचा होता. पट्टी ओलांडून तो थेट मशीनपाशी गेला आणि वाकला. गळ्यातल्या ओळखपत्राची फीत फिरत्या बिटाजवळ लोंबकळत होती. मी ओरडायला तोंड उघडलं.

त्याआधीच मशीन बंद झालं होतं.

‘साब, आप पट्टी के बाहर होना,’ उस्ताद म्हणाले.

‘चालू रखो. एक फोटो है बस.’

‘नै साब.’

मॅनेजरला आधी ऐकू आलं ते खरंच वाटलं नाही. मग तो उखडला. ‘मेरेकू बोल रा तू? कल से मत आना!’

उस्तादांनी हँडल सोडलं नाही. ‘कल का कल देखेंगे साब,’ म्हणाले. ‘अब्बी आप बाहर होना.’

मॅनेजरने माझ्याकडे बघितलं, मी काही बोलेन म्हणून. भोक अजून अर्ध्यावरच होतं, पण मी उभ्या उभ्या पास लिहिलं आणि खाली सही केली. मॅनेजर पाय उचलून पट्टीबाहेर आला, तेव्हाच उस्तादांनी मशीन चालू केलं.