मामांच्या पिशवीतला समुद्रकिनारा

वाळू दाताखाली चावून तिचं गाव सांगणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच आहे, आणि तो माझ्या बायकोचा मामा आहे. ओमानच्या वाळवंटी किनाऱ्यावर भूवैज्ञानिक म्हणून तीस वर्षं खडक ठोकून मामा निवृत्त झाले आणि क्लेमेंटी उपनगरातल्या आमच्या फ्लॅटवर पाहुणे आले. बॅगेत दोन शर्ट, बाकी सगळे दगड. प्रत्येक नमुन्याला चिठ्ठी हवीच : काय, कुठलं, कोणी गोळा केलं. आठवड्यात ही सवय स्वयंपाकघरात शिरली आणि डब्यावर झळकलं, 'तूरडाळ. लिटल इंडिया. संकलक : भाची.' त्यांची नमुने गोळा करायची खाकी पिशवी मात्र बायकोने धुवायला घेतली की मामा किंचाळत, "अगं, मळलेली नाही ती, भरलेली आहे!"

मामांचं आयुष्यभराचं म्हणणं एकच. ओमानच्या उंच कड्यातला एक थर म्हणजे जुना समुद्रकिनारा, शिंपल्यांच्या चुऱ्याचा दगड झालेला. त्यांचे साहेब हसून म्हणाले होते, "वाळवंटाची वाळू आहे हो, वाऱ्याने आणलेली." त्यानंतर कुणी ऐकूनच घेतलं नाही. आता शेजारच्या विद्यापीठाने त्यांना विद्यार्थ्यांसमोर बोलावलं. एका हातात कड्यातला दगड, दुसऱ्या हातात त्याच कड्याखालच्या आजच्या किनाऱ्याच्या वाळूची बरणी. दोन्हींवर लिंबू पिळायचं; शिंपल्यातला चुना आंबटाने फसफसतो, तेव्हा दोन्ही फसफसली की झालं सिद्ध!

व्याख्यानाच्या आदल्या दिवशी साफसफाईचं पुण्य कमवायला गेलो नि वाळूची बरणी माझ्या कोपराने लवंडली. पुरावा लपवायला व्हॅक्यूम क्लीनर फिरवला. अख्खा किनारा केसांत आणि कुरमुऱ्यांत मिसळून गेला. वाळू काय, सगळीकडे वाळूच, असा विचार करून मी एमआरटी मेट्रोने थेट पासिर रिसचा समुद्रकिनारा गाठला आणि बरणी भरून आणली. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन येताना आइस्क्रीमही खाल्लं.

वर्गात मामांनी दगडावर थेंब टाकला. पडद्यावर मोठे दिसणारे बुडबुडे चुर्र करून उठले. मग बरणीतल्या वाळूवर. ढिम्म. पुन्हा थेंब. ढिम्म. पुढच्या रांगेतले प्राध्यापक खाकरले. मामांनी चिमूटभर वाळू तोंडात टाकली, शांतपणे चावली आणि शेवटच्या बाकावर बसलेल्या माझ्याकडे पाहिलं.

"जावईबापू, पासिर रिसला कधी गेला होता?"

"काल, मामा."

"आणि माझी वाळू?"

"व्हॅक्यूममध्ये."

शेजारी बसलेली आमची लेक कुजबुजली, "बाबा, यू डाय लाह. मेलात तुम्ही आता."

पण मामा हसले. खाकी पिशवी उलटी केली, शिवणी उसवल्या आणि पांढऱ्या कागदावर झटकल्या. तीस वर्षांचा किनारा भुरुभुरु खाली आला. त्यावर लिंबाचा थेंब. चुर्र! सगळा वर्ग टाळ्या वाजवत उठला, प्राध्यापकांनी तो दगड विद्यापीठासाठी मागून घेतला, आणि मामा पिशवी झेंड्यासारखी फडकावत गरजले, "धुतली असती तर?"

मामा पुण्याला गेले. दगड विद्यापीठात काचेच्या कपाटात आहे, मामांच्या नावाच्या चिठ्ठीसह. ती बरणी त्यांनी माझ्यासाठी ठेवली : 'वाळू. पासिर रिस. संकलक : भाचेजावई. नमुना अस्सल.' खाली बारीक पेन्सिलीने, 'संकलकाबद्दल मत राखून ठेवले आहे.'

रविवारी वरणभातावर लिंबू पिळताना एक थेंब मी त्या वाळूवर टाकतो. काहीच होत नाही. तरी थोडा वेळ कान लावून बसतो.