अकरा नेच्यांची रांग

कलकत्त्याच्या बागबाजारात आम्ही चौघं एका खोलीत राहत होतो: आई, वडील, धाकटा भाऊ आणि मी. वडील साताऱ्याकडच्या खेड्यातून एका मराठी अधिकाऱ्यांच्या घरी कामाला म्हणून कलकत्त्याला आलेले. अधिकाऱ्यांची दिल्लीला बदली झाली, तिकडे त्यांना सरकारी शिपाई मिळाला, आणि वडील इथेच राहिले. जवळजवळ वर्षभर त्यांना नेमाचं काम नव्हतं. आई इतर मराठी अधिकाऱ्यांच्या घरोघरी पोळ्या लाटायची. उरलेल्या पोळ्या मिळाल्या तर त्या, नाहीतर मुडी, म्हणजे कुरमुरे. हे रडगाणं म्हणून सांगत नाही. तेव्हा तसं होतं.

त्यातल्या एका बाई आईला म्हणाल्या होत्या, "मुलगी मोठी झाली, आण की हाताखाली. शिकून काय कलेक्टर होणार आहे?" आई "बघते" म्हणाली आणि मला एकदाही घेऊन गेली नाही.

स्वातंत्र्यानंतर वर्षभराने वडिलांना एका सार्वजनिक बागेत माळ्याचं काम लागलं. हंगामी, पण रोजचं. त्या बागेत साहेबांच्या काळातलं झाडांचं घर होतं. सगळे त्याला गाछघर म्हणत. लोखंडी कमानी, त्यांवर जाळी, जाळीवर वेली. आधी म्हणे वर काच होती, पण बंगालच्या उन्हात आतली झाडं शिजायला लागली, म्हणून काढून टाकली. विलायतेत अशी घरं ऊब धरायला बांधतात, इथे ती सावलीसाठी होती. आत पायवाटेच्या दोन्ही अंगांना दगडी ओटे आणि ओट्यांवर कुंड्यांच्या रांगा.

मुख्य माळी ओडिशाचे, वयस्कर. बंगाल्यांकडून ऐकलेलं बर्ग्यांच्या, म्हणजे पूर्वी बंगालवर चालून आलेल्या मराठा स्वारांच्या, लुटीचं प्रकरण त्यांना फार आवडायचं. वडील सकाळी फाटकातून आत शिरले की ते ओरडायचे, "बर्गी आला रे, कुंड्या मोजून ठेवा." वडील म्हणायचे, "मोजायला येतं का तुम्हाला?" हे रोज चालायचं.

कुंड्यांपुढच्या पाट्या रंगवायचं काम वडिलांकडे आलं ते त्यांचा हात चांगला म्हणून. काळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. वडिलांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. जुन्या अक्षरावर नवं अक्षर ते रांगोळी गिरवावी तसं गिरवत. दुर्गापूजेआधी दरवर्षी सगळ्या पाट्या उतरत. कुठली पाटी कुठली हे वाचता येत नसल्याने त्यांनी आपली रीत बसवली होती: एका रांगेच्या पाट्या एका तारेत ओवायच्या, पहिल्या कुंडीची पहिली, शेवटच्या कुंडीची शेवटची. रंगवून झालं की त्याच क्रमाने परत लावायच्या. तारेतला क्रम त्यांचा कधी चुकला नाही.

मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेतलं ते या घरामुळेच. चित्रांची पुस्तकं विकत घेण्याजोगी आमची स्थिती नव्हती, आणि वाचनालयात ती मुलांच्या हातांतून सुटत नसत. मी कॉलेज सुटल्यावर ट्रामने बागेत जायचे आणि ओट्यापुढे उभं राहून पाठ करायचे. टेरिस, नेफ्रोलेपिस, डाव्हालिया, ब्लेक्नम. उजव्या ओट्यावर अकरा नेच्यांची रांग होती. नेचे शेवटच्या वर्षाला होते, म्हणून ती मी पूजेच्या सुट्टीनंतर पाठ केली आणि डोळे मिटूनही म्हणू शकत होते. वर्गात मला त्याचा गर्व होता आणि तो मी लपवत नव्हते.

शेवटच्या वर्षी विद्यापीठाच्या परीक्षेआधी कॉलेजची चाचणी झाली. तीत पास झालं तरच नाव पुढे पाठवत. प्रात्यक्षिकात नेचे ओळखायचे होते. माझं सगळ्यांत आधी लिहून झालं.

दोन दिवसांनी प्राध्यापकांनी बोलावलं. माझा कागद त्यांच्यासमोर होता.

"एकही बरोबर नाही," ते म्हणाले. "गंमत अशी की चुका नेमाने केल्या आहेत. हे कुठून पाठ केलंस?"

"पुस्तकातून," मी म्हटलं.

"सोमवारी ते पुस्तक आण. मला बघायचंय. नाव पाठवायचं की नाही ते त्यानंतर."

मी तशीच गाछघरात गेले. रांगेपुढे उभी राहिले आणि पहिल्यांदा पाटी सोडून झाडाकडे पाहिलं. मग मुख्य माळ्यांना विचारलं, पूजेच्या वेळी या रांगेत काही हललं होतं का. त्यांनी जरा आठवलं. हो, पहिली कुंडी वाळली होती, ती त्यांनी काढली, बाकीच्या एकेक जागा पुढे सरकवल्या आणि शेवटी नवी ठेवली. वडील तेव्हा मागच्या पडवीत रंगवत बसले होते. कुंड्या अकरा, पाट्या अकरा. वडिलांनी तारेतल्या क्रमाने लावून टाकल्या, आणि प्रत्येक कुंडीपुढे तिच्या आधीच्या कुंडीचं नाव आलं.

वडील कुंड्यांना पाणी घालत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. झारी खाली ठेवून ते रांगेकडे बघत राहिले.

मुख्य माळी म्हणाले, "आत्ताच्या आत्ता सरकवून टाकू. कोण बघतंय? वर कळलं तर माझी नोकरी जाईल, आणि तू तर हंगामीच."

"सरकवल्या तर ही खोटी पडते," वडील म्हणाले. मग माझ्याकडे वळून, "पुस्तक दाखव म्हणाले ना ते? मग घेऊन ये त्यांना इथे."

"बाबा, तुमचं काम गेलं तर?"

"तुझं वर्ष गेलं तर?"

मुख्य माळी पुटपुटले, "बर्गी लुटायचे ते बरं होतं." पण त्यांनीही पाट्यांना हात लावला नाही.

सोमवारी मी प्राध्यापकांना खरं काय ते सांगितलं. ते छत्री घेऊन निघाले. गाछघरात वडील अनवाणी, हात जोडून उभे होते. आपल्या हिंदीत म्हणाले, "साब, गलती मेरा है. लडकी का नहीं."

प्राध्यापक रांगेवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेले आणि परत आले. मग म्हणाले, "डिसेंबरात मी सगळा वर्ग इथे आणला होता. याच ओट्यापुढे उभा राहून अर्धा तास बोललो." आणि थांबून, "पाट्या मीही वाचल्या नव्हत्या."

त्यांनी वडिलांना पाट्या उलट्या करायला सांगितल्या. वडिलांनी एकेक पाटी पुसून उलटी ठेवली. मग प्राध्यापक मला म्हणाले, "सांग."

मी रविवारचा दिवस याच ओट्यापुढे घालवला होता, मैत्रिणीकडून एका दिवसापुरतं मागून आणलेलं पुस्तक घेऊन. या वेळी पानांच्या मागचे बीजाणूंचे ठिपके बघत, पाटीच्या जागा विसरून. दहा नेचे बरोबर सांगितले. अकराव्यापाशी, म्हणजे नव्या कुंडीपाशी थांबले आणि म्हणाले, "हा मला येत नाही."

"मलाही बघूनच सांगावं लागेल," ते म्हणाले. त्याचं एक पान त्यांनी वहीत ठेवून घेतलं. वडिलांबद्दल त्यांनी वर काही कळवलं नाही. जाताना मुख्य माळ्यांना एवढंच म्हणाले, की कुंडी हलवली तर या माणसाला सांगत जा.

पाट्या आम्ही त्याच दुपारी नीट लावल्या. मी नाव वाचायचे, वडील लावायचे. त्या नव्या नेच्यापुढे बरेच दिवस पाटी नव्हती. पुढच्या पूजेपासून वडील पाटीच्या मागे आणि कुंडीच्या बुडालाही सारख्याच रंगाच्या रेघांनी खूण करू लागले.

माझं नाव पुढे गेलं. मी बी.एस्सी. झाले, दुसऱ्या वर्गात. आमच्या घरात कॉलेजची पदवी घेणारी मी पहिली.