टँकमधला तुपाचा तवंग

"तुमचं टेस्ट किटच खराब असणार," राहुल म्हणाला. "मी सगळं अ‍ॅपवर लॉग करतो. आमच्याकडून काही चुकत नाहीये."

मी काचेची नळी उजेडात धरली. पाणी पुन्हा गर्द निळं, म्हणजे फॉस्फेट वर. न खाल्लेलं अन्न टँकमध्ये कुजलं की फॉस्फेट वाढतं. थोडं चालतं. वाढतच गेलं तर शेवाळ फोफावतं आणि कोरल आक्रसतं. इथलं हिरवं ब्रेन कोरल इतकं आक्रसलं होतं, की कडेचा पांढरा सांगाडा दिसायला लागला होता. राहुलच्या बायकोनं, केतकीनं, ते हौसेनं आणलं होतं.

मी जर्मनीत, ड्युसेलडॉर्फमध्ये लोकांच्या घरचे समुद्री टँक सांभाळते. सकाळीच बॉसचा फोन झाला होता. "हे बघ, मेधा, आज कारण सापडलं पाहिजे. नाहीतर हा क्लायंट गेला."

पहिली शंका आली ती स्किमरमुळे. स्किमर म्हणजे पाण्यात बारीक बुडबुडे सोडून घाण फेसाबरोबर वर काढणारं यंत्र. तो फेसच धरत नव्हता. पाण्यात काही तेलकट गेलं की असं होतं.

"हँडक्रीम लावून हात घालता का?"

"नाही हो."

"फोडणीचा धूर?"

"किचन पार त्या टोकाला आहे."

राहुलचा कॉल सुरू झाला, तो आतल्या खोलीत गेला. केतकी ऑफिसला गेलेली. मी झाकणाची कड बोटानं पुसली आणि वास घेतला. साजूक तूप! मग खडकामागे सायफनची नळी फिरवली. बादलीत भाताची शितं पडली, फुगलेली आणि पिवळी.

"ते माझं आहे, ताई."

मागे केतकीचे वडील उभे होते. नाना. बायको गेल्यानंतर पहिल्यांदाच पुण्याहून लेकीकडे राहायला आले होते. जेवणाआधी एक घास बाजूला काढायचा, मुक्या जिवाला घालायचा, मग आपण जेवायचं, ही त्यांची जन्माची सवय. पुण्यात कावळे होते. इथे बाल्कनीत घास ठेवला तर कबुतरं जमली आणि इमारतीची देखभाल बघणारा हाउसमाइस्टर तक्रार घेऊन दारात आला. जावयाला त्याची माफी मागावी लागली, ती नानांनी पाहिली. मग घरात मुके जीव उरले ते टँकमधलेच.

"राहुलरावांना सांगू नका," ते म्हणाले. "ते मला एका शब्दानं बोलायचे नाहीत. पण मग माझ्याच घशाखाली घास उतरणार नाही."

मला वाईट वाटलं. रागही आला. वडील माणूस लेकीच्या घरात चोरून घास घालत होता, याचा. पण कारण लपवून मला काम करता येत नाही. भात थांबला नसता तर कोरल मेलं असतं.

"काका, ते कोरल भात खात नाही. दगडासारखं दिसतं, पण कोरल हा प्राणी आहे. त्याला तोंड असतं. आणि तो मांसाहारी आहे."

"मांसाहारी?" नाना खुर्चीत बसलेच. "आणि मी रोज वरणभात वाढतोय!"

तेवढ्यात राहुल बाहेर आला. त्यानं बादलीत पाहिलं. मी काही बोलायच्या आत नाना उठून उभे राहिले. "राहुलराव, घास मी टाकत होतो. चूक झाली. उद्यापासून नाही काढणार."

"मग जेवणार कसे?"

राहुल त्यांच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता टँकच्या खर्चाचा विषय निघणार. तो माझ्याकडे वळला. "मेधाताई, काय घालायचं ते नानांना शिकवा. रोज काही देता येतं का?"

"माशांना रोज चिमूटभर. कोरलला अधूनमधून, पण त्याला कोळंबी लागते."

नानांनी कधी अंड्यालाही हात लावला नव्हता. त्यांनी वाकून कोरलकडे पाहिलं. मग म्हणाले, "ज्याला वाढायचं, त्याच्या पोटाचं बघायला हवं. दाखवा कशी द्यायची."

मी पंप बंद केला. अन्न वाहून जाऊ नये म्हणून तो बंद करावा लागतो. पिपेटमध्ये कोळंबीचा चुरा भरून ती त्यांच्या हातात दिली. थोड्या वेळानं कोरलमधून बारीक पारदर्शक सोंडा बाहेर आल्या आणि एकेक कण तोंडाकडे ओढायला लागल्या.

"जेवतंय हो!" नाना ओरडले.

फॉस्फेट हळूहळू उतरलं. स्किमर फेस धरू लागला. कोरल पुन्हा फुगलं, तरी एका कडेला सांगाडा उघडा राहिला तो राहिलाच. क्लायंट टिकला. नवीन ठिकाणी गेले की मी पूर्वी आधी फिल्टर उघडायची. आता आधी विचारते, घरात कोण कोण जेवतं आणि कसं. बॉसला हे अशास्त्रीय वाटतं.

पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा केतकीही घरी होती आणि नाना पिपेट घेऊन तयारच होते. "राहुलराव, पंप!" त्यांनी हाक मारली. राहुल कॉल म्यूट करून आला, पंप बंद करून परत गेला. नानांनी सावकाश सगळ्यांना वाढलं, कोपरापर्यंत साबणानं दोनदा हात धुतले आणि टेबलाशी येऊन बसले. आल्यापासून त्यांनी स्वतःहून कधी जेवायला मागितलं नव्हतं, असं केतकी मला नुकतंच सांगत होती.

"केतकी, पान वाढ गं," ते म्हणाले. "भूक लागलीये."