दातावरची खाच

भिंगरी एकोणीस वर्षं जगला आणि त्यातली निम्मी त्यानं दाढ धरून काढली, असं त्याचा थोरला भाऊ सांगायचा. हा थोरला शिंपी. गल्ली त्याला मास्तर म्हणायची. भिंगरीचं खरं नाव शाळेच्या हजेरीतच राहिलं. एका जागी बसेल तर शपथ. मास्तरनं त्याला शिलाई शिकायला बसवलं, तर पठ्ठ्यानं पहिल्याच दिवशी गिऱ्हाइकाच्या पँटीचे दोन्ही पाय एकमेकांना शिवून टाकले आणि वर म्हणाला, "दादा, यानं त्यांना एका जागी उभं राहायची सवय लागेल."

लढाई सुरू झाली आणि भिंगरीच्या डोक्यात मरीन व्हायचं खूळ शिरलं. मरीन म्हणजे जहाजातून उतरून शत्रूच्या किनाऱ्यावर चालून जाणारे सैनिक. बाकी सगळ्या तपासण्यांत तो पास झाला, राहिली दातांची. वरच्या उजव्या दोन दाढा पडलेल्या, उरलेल्या किडलेल्या.

"तोंड उघडलं की घरी पाठवतील मला," तो रडकुंडीला येऊन म्हणाला. "दादा, तू जा ना माझ्याऐवजी."

दोघांचे चेहरे एका साच्यातले. मास्तर दातांनी बाटलीचं बूच काढणारा. त्याला ही गंमत वाटली. भावाचा कागद खिशात घालून तो दातांच्या डॉक्टरपुढे जाऊन बसला. डॉक्टरनं लिहिलं: बत्तीस दात शाबूत, वरच्या पुढच्या दातावर बारीक खाच. ती वर्षानुवर्षं दातानं दोरा तोडून पडलेली. दोघं भाऊ घरी येईपर्यंत हसत होते.

सात महिन्यांनी तार आली. किनाऱ्यावर उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी भिंगरी मारला गेला, मृतदेह मिळाला नाही. आई ऐकूनच घेईना. "मेला म्हणता, तर दाखवा मला," एवढंच ती म्हणायची.

लढाई संपल्यावर लष्कराच्या कचेरीचं पत्र आलं. त्या वाळूत नऊ अनोळखी सांगाडे सापडले होते. दातांच्या नोंदीशी ताडून पाहिले, एकही जुळला नाही. घरच्यांना आणखी काही खूण ठाऊक असेल तर कळवावी. मास्तरनं पत्र दोनदा वाचलं. त्या नवांत भिंगरी असू शकत होता आणि त्याच्या तोंडात थोरल्याचे दात नाहीत म्हणून त्याला कुणी ओळखत नव्हतं. पत्र त्यानं शिवणयंत्राच्या खणात तळाशी घातलं. आज लिहू, उद्या लिहू करत तीन वर्षं गेली. म्हणायला तुरुंगाची भीती होती. खरी भीती आईची. तूच पाठवलंस त्याला, हे तिच्या तोंडून ऐकायची त्याची छाती नव्हती. भेकड होता, दुसरं काय म्हणायचं.

मग कचेरीचा माणूसच दुकानात आला, फाइल बंद करायला. आई शेजारी गुंड्या निवडत होती. त्यानं नोंद वाचली, खाचेसकट.

आईचा हात थांबला. "परत वाचा."

त्यानं वाचली. मास्तरच्या दातांत त्या वेळी दोरा होता. तोडावा की सोडावा, त्याला कळेना.

"हा दात याचा आहे," आई मास्तरकडे बोट करून म्हणाली. "माझ्या धाकट्याला उजवीकडच्या वरच्या दोन दाढाच नव्हत्या."

माणसानं बराच वेळ कागद चाळले. "तसा एक होता," तो हळूच म्हणाला. "पाचव्या नंबरचा. पण गेल्या महिन्यात त्या सगळ्यांना एकत्र अग्नी दिला, राख समुद्रात सोडली. पत्राला तुमचं उत्तर आलं असतं तर..."

"कुठलं पत्र?" आईनं विचारलं.

मास्तरची नजर शिवणयंत्राच्या खणाकडे गेली.

त्यानंतर ती अकरा वर्षं जगली. मास्तरशी बोलायची, त्याच्या ताटात वाढायची. फक्त त्यानं दोरा तोंडाकडे नेला की गुंड्या बाजूला ठेवून उठायची आणि कात्री त्याच्या हातात द्यायची.

"कात्रीनं काप," ती म्हणायची. "तो दात त्याच्या नावावर आहे."