भावजींच्या विमानांचे रंग

रोह्यापासून पेणपर्यंतच्या पट्ट्यात अचूकपणापायी आमच्या भावजींइतका स्वतः छळला गेलेला आणि इतरांना छळणारा दुसरा माणूस झाला नाही. भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रोह्याच्या बाजारात त्यांचा दातांचा दवाखाना होता. पुढच्या खोलीत पेशंटची खुर्ची आणि मागच्या खोलीत विमानं. विमानं म्हणजे जत्रेत मिळणारी खेळणी नव्हेत. प्लास्टिकच्या सुट्या भागांचा डबा मिळतो. ते भाग घासून, चिकटवून, रंगवून खऱ्या लढाऊ विमानाची वीतभर लांबीची हुबेहूब प्रतिकृती करायची, हा त्यांचा नाद. नाद हा शब्द मात्र त्यांना चालत नसे. "नाद पत्त्यांचा असतो. हे काम आहे," असं ते म्हणायचे. मग दात काढणं हे काय, असं कुणी विचारलं तर उत्तर यायचं, "ते पोटासाठी."

पोटासाठीच्या या उद्योगात पेशंटचे हाल होत. गडब गावचे एक आजोबा कवळीचं माप द्यायला आले होते. भावजींनी त्यांच्या तोंडात मापाचा लगदा भरला, "हलू नका" म्हणून बजावलं आणि तेवढ्यात मागच्या खोलीतल्या विमानाच्या शेपटीला लावलेला डिंक सुकला का ते बघायला गेले. शेपटी जराशी वाकडी दिसली. ती सरळ करून बाहेर आले तोवर आजोबांच्या तोंडात लगदा दगड झाला होता आणि आजोबांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. लगदा निघाल्यावर आजोबा पहिलं वाक्य बोलले ते असं, "डाक्तर, माजा प्रान जात व्हता, नि तुमी आत काय करत व्हतात?" भावजींनी सांगितलं, "शेपटी बसवत होतो." आजोबांनी घाबरून कंपाउंडरकडे बघितलं. ती गोष्ट गडबात बरीच वर्षं सांगितली जात होती, आणि हा डॉक्टर मागच्या खोलीत रेड्या-बैलांच्या शेपट्याही बसवतो, असा तिचा शेवट होत असे.

या सगळ्याच्या मुळाशी एक दुखणं होतं. भावजींना वैमानिक व्हायचं होतं. कॉलेजात असताना ते हवाई दलाच्या भरतीला गेले होते. उंची, छाती, कान सगळं पास झालं. मग तिथल्या डॉक्टरनं रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं आणि म्हणाला, आकडा वाच. "आकडा कुठला? ताटभर डाळ सांडलेली दिसत होती," भावजी सांगायचे. लाल, हिरवा आणि तपकिरी हे रंग त्यांना एकमेकांपासून वेगळे काढताच येत नसत. तिथून ते जे परतले ते दातांकडे वळले. पण दातांनाही रंग असतो, हे त्यांना पदवी मिळाल्यावर कळलं. लग्नाआधी त्यांनी खांब गावच्या एका सावकाराला पुढचा दात बसवून दिला, तेव्हा तो माणूस आठवड्यानं आरसा घेऊनच दवाखान्यात आला. "बाकीचे दात माजे, डाक्तर. ह्यो हिरवा कोनाचा?"

ताईला बघायला ते आमच्याकडे पेणला आले तेव्हा गणपतीचा हंगाम तोंडावर आलेला. घराला लागूनच आमचा मूर्तींचा कारखाना. ताई पुढे येऊन, नाव सांगून, पुन्हा रंगाच्या वाट्यांपाशी जाऊन बसली होती, कारण हात रिकामे ठेवून चालण्यासारखे ते दिवसच नव्हते. भावजी पोह्यांची बशी हातात घेऊनच आत गेले आणि एका मूर्तीकडे बोट दाखवून विचारते झाले, "या सोवळ्याचा रंग कोणता?"

"हिरवा," ताई म्हणाली.

"आणि शेल्याचा?"

"लाल."

"मला दोन्ही एकच दिसतात. आधी सांगितलेलं बरं."

ओटीवर बसलेल्या आमच्या वडिलांना वाटलं, मुलगा आमच्या रंगकामाला नावं ठेवतोय. ते पाहुण्यांशी नंतर धड बोललेही नाहीत. ताईनं मात्र त्याच संध्याकाळी होकार कळवला. "स्वतःतलं उणं आपणहून सांगतो तो माणूस," ती म्हणाली. "बाकीचं मी बघून घेईन."

आणि तिनं खरोखरच बघून घेतलं. दवाखान्यात कवळीच्या दातांचा रंग निवडायला ती जाऊन बसायची. पेशंटचा ओठ वर करून, चेहऱ्याकडे दोन क्षण निरखून, नमुन्यातला एक दात उचलून द्यायची. अर्ध्या रोह्याला वाटे की मोठी डॉक्टर तीच आणि भावजी हाताखाली शिकताहेत. विमानांचे रंगही तिनंच कालवायचे. भावजी परदेशी पुस्तकातलं चित्र तिच्यापुढे धरायचे. "हा हिरवा असाच हवा. एक थेंब इकडचा तिकडे नको." ताई चित्राकडे बघायची, "हो, हो" म्हणायची आणि कालवायला बसायची. रंग सुकले की भावजी विमान उजेडात धरून बघायचे आणि म्हणायचे, "आता कसं! वेगळे दिसतात. पेणच्या हाताला तोड नाही."

पेणच्या हाताचं एवढं कौतुक असलं तरी पेणच्या साच्यांबद्दल त्यांचं मत वाईट होतं. एका गणपतीत त्यांनी वडिलांना ऐकवलं की तुमच्या उंदरांचे दात चुकीचे आहेत. उंदराला पुढचे चार दात असतात आणि तुम्ही नुसती रेघ ओढता. वडील म्हणाले, "जावईबापू, लोक पाया पडतात ते गणपतीच्या. उंदराचे दात मोजत नाहीत." भावजी ऐकतात कसले! पुढच्या खेपेला ते कवळीच्या मसाल्यात ओतलेला एक उंदीर घेऊन आले. दात अप्रतिम होते. पण मसाला हिरड्यांचा असल्यामुळे उंदीर नखशिखांत गुलाबी होता आणि आत्ता बोलेल की काय अशा बेतानं हसत होता. वडिलांनी तो घरात ठेवू दिला नाही. देवासमोर ठेवायला भीती वाटते, म्हणाले. भावजींना त्यात गुलाबी काय आहे ते शेवटपर्यंत कळलं नाही.

नव्वद सालानंतर त्यांच्या हाती रेझिन, म्हणजे साच्यात ओतून घट्ट होणारी कृत्रिम राळ, आलं. एका पेशंटचा मुलगा बोटीवर नोकरीला होता. तो परदेशी बंदरांतून भावजींसाठी बोटाएवढ्या पिशव्या आणायचा. त्यांत साबणाच्या रंगाचे, मुंगीनं ओढून न्यावेत एवढेसे भाग असत. वैमानिकाची खुर्ची, तिचे पट्टे, घड्याळांची फळी, पायाखालचे दांडे. मूळ डब्यात हेच भाग प्लास्टिकचे येतात, पण बोजड. हे वेगळे विकत घेऊन त्यांच्या जागी बसवायचे. "डब्यातली खुर्ची म्हणजे दुसऱ्याची कवळी," भावजी मला समजावून सांगत होते. "हे म्हणजे माप घेऊन केलेला दात." बसवायची रीतही तीच. दाताच्या यंत्रानं थोडं घासायचं, बसवून बघायचं, पुन्हा घासायचं. तशी एक खुर्ची चिमट्यातून उडाली तेव्हा घरात झाडू मारायला बंदी झाली. पाहुणे आले तरी त्यांना दाराशीच चपलांचे तळवे दाखवायला लावले. अखेर खुर्ची कंपाउंडरच्या शर्टाच्या खिशात सापडली, आणि बिचाऱ्याला तिथं ती कशी गेली हे सांगता येईना.

एकदा ताईनं विचारलं, "एवढी सुंदर खुर्ची केलीत, मग त्यात माणूस का नाही बसवत?" डब्यात छोटा वैमानिकही येत असे. भावजींनी घासणं थांबवलं नाही. "मला नाही बसू दिलं," म्हणाले. "दुसऱ्याला कशाला बसवू?"

त्यांचं शेवटचं विमान हरिकेन होतं. महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आपल्याकडची मुलं जे उडवायची, तसलं. अंगावर हिरवे आणि तपकिरी पट्टे, म्हणजे नेमके भावजींना न दिसणारे. त्याच्या आतला सगळा रेझिनचा सरंजाम बसवायला त्यांनी सबंध पावसाळा घेतला. त्याच पावसाळ्यात ताईच्या पोटात दुखायला लागलं. आधी पित्त म्हणाले. मग मुंबईच्या डॉक्टरांनी जे सांगितलं ते भावजींनी मला रोह्याच्या स्टेशनावर, गाडीतून उतरल्या उतरल्या, एका वाक्यात सांगितलं, आणि लगेच रिक्षावाल्याशी भाड्यावरून भांडले. ताईच्या खाटेशेजारी त्यांनी टेबल आणून लावलं. ती पडल्या पडल्या बघायची. विमानाला राखाडी अस्तर लागलं, ते सुकलं. "बरं वाटलं की कालवते रंग," ती म्हणाली. माघ लागला तरी तिला बरं वाटलं नाही. महाशिवरात्रीच्या अलीकडे ती गेली.

भावजी रडले नाहीत. स्मशानातून परत येताना ते एकदाच बोलले. सरण नीट रचलं नव्हतं, एका बाजूला कलत होतं, असं म्हणाले.

दवाखाना त्यांनी पुन्हा उघडला, पण मी गेलो तेव्हा कंपाउंडर मला बाजूला घेऊन म्हणाला, "डॉक्टर आता नुसते काढतात. बसवत नाहीत." कवळी मागायला कुणी आलं तर ते त्याला अलिबागेला पाठवायचे. मागच्या खोलीत अस्तर लावलेलं हरिकेन फडक्याखाली होतं. कडेच्या काचेच्या कपाटात बाकीची विमानं ओळीनं उभी होती आणि त्यांवर धुळीचा कणही नव्हता.

पुढच्या दिवाळीनंतर एका सकाळी भावजी पेणला आले. हंगाम सरलेला होता, वडील आता नव्हते, कारखान्यात मी एकटाच मोकळ्या फळ्या पुसत होतो. त्यांच्या हातात बुटांचे दोन खोके होते. एकात कापसात गुंडाळलेलं हरिकेन, दुसऱ्यात नमुन्यादाखल ताईनं रंगवलेलं एक जुनं विमान. पुस्तकही आणलं होतं.

"तू कालव," ते म्हणाले. "तू तिच्याच हाताखाली शिकलायस."

मी पुस्तकातलं पान उघडं ठेवून कालवायला बसलो. रंगकाम हा माझा धंदा, त्यामुळे चित्राशी जुळायला वेळ लागला नाही. पुठ्ठ्यावर शेजारी शेजारी दोन पट्टे ओढून त्यांच्या हातात दिले. ते पुठ्ठा घेऊन दाराशी गेले, उन्हात तिरका करून बघितला.

"दुसरा कुठाय?"

"दोन्ही आहेत, भावजी."

"एकच आहे हा."

"नाही. डावीकडचा हिरवा, उजवीकडचा तपकिरी. पुस्तकाशी ताडून बघितलेत मी."

"मग तिचे मला वेगळे कसे दिसायचे?"

मी जुनं विमान खोक्यातून काढलं आणि उघड्या पानाशेजारी उन्हात धरलं. तोवर मी ती विमानं काचेतूनच बघितली होती, चित्राशेजारी कधीच नाही. ताईचा हिरवा पावसाळी भिंतीवरच्या शेवाळासारखा, काळ्याकडे झुकलेला होता. तिचा तपकिरी वाळल्या पेंढ्यासारखा फिका. चित्रातल्या रंगांशी दोन्हींचा काही संबंध नव्हता.

भावजी माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. "खरं सांग. बरोबर कुठले?"

"मी केलेत ते."

"आणि तिचे?"

"तिनं एक गडद केलाय आणि एक फिका," मी म्हटलं. "तुम्हाला दिसावेत म्हणून."

मूर्ती ठेवायच्या पाटावर ते खाली बसले. चष्मा काढून शर्टाच्या टोकानं पुसत राहिले.

"म्हणजे कपाटातली सगळी चुकीची," ते म्हणाले. "मी तिच्यापुढे पुस्तक धरायचो. थेंब इकडचा तिकडे नको म्हणायचो. आणि ती हो म्हणायची."

"भावजी, मी तिच्यासारखे कालवून देतो. हा नमुना आहेच."

"नको." त्यांनी चष्मा चढवला. "तिचे रंग तिच्या विमानांवर असू देत. याला बरोबर ते दे."

"तुम्हाला दिसणार नाही पण."

"नाही दिसणार," ते म्हणाले. "दे."

मी चिकटपट्टीनं कडा आखून घेऊन हरिकेन रंगवलं. भावजी दिवसभर शेजारी बसून होते. माझा कुंचला फिरत होता आणि त्यांना त्यातलं ओलं काय नि सुकलं काय, एवढंच कळत होतं. एकदाही त्यांनी काही सुचवलं नाही. आयुष्यात त्यांच्यापुढे काम करताना मला त्यांनी टोकलं नाही असा तो एकच दिवस, आणि टोकलं असतं तर बरं झालं असतं, असं मला सारखं वाटत होतं. संध्याकाळच्या एसटीनं ते दोन्ही खोके मांडीवर घेऊन रोह्याला परत गेले.

त्यानंतर त्यांनी विमान केलं नाही. बोटीवरचा मुलगा आणून देई त्या पिशव्या न फोडता खणात पडून राहिल्या. पुढे दवाखानाही बंद केला. मी महिन्या-दोन महिन्यांनी जायचो. चहा झाला की ते कपाट उघडून हरिकेन बाहेर काढायचे, मांडीवर घ्यायचे आणि पंखावरून तर्जनी हलकेच फिरवायचे. इतकी वर्षं लोकांच्या हिरड्या चाचपलेलं बोट ते. दोन रंगांच्या सीमेवर केसाएवढी कड राहते, तिथं येऊन ते थांबायचं.

"इथं हिरवा संपतो," भावजी म्हणायचे.

"हो."

"बरोबर बसलंय."

मग ते विमान जागेवर ठेवायचे. शेजारच्या ताईच्या विमानांना मात्र ते हात लावत नसत. कपाटासमोर खुर्ची ओढून, दिवे लागेपर्यंत, ती नुसती बघत बसत.