मागच्या सीटवरून कळणारी थरथर

मी आयुष्यभर मेकॅनिकचं काम केलं. निवृत्त झाल्यावर बेंबळीतल्या घरासमोर, पत्र्याच्या शेडमध्ये माझी जुनी मोटार तेवढी राहिली. तिचं सगळं मी स्वतःच करतो. स्वतःच म्हणतो खरं, पण बायको होती तोवर आम्ही दोघं करायचो.

गाडीची थरथर चालवणाऱ्याला नीट कळत नाही. हात स्टिअरिंगवर, लक्ष रस्त्यावर. म्हणून ती मागं बसायची. चप्पल काढून तळवे खालच्या पत्र्यावर टेकवायची आणि डोळे मिटायची. मी विचारायचो, "आता कसं?"

"आता न्हाय. जरा पळवा. हां, आता पायाला मुंग्या येत्यात."

तिला एकाही पार्टचं नाव माहीत नव्हतं, पण तिचं सांगणं चुकायचं नाही.

ती गेली त्याला दीड वर्ष झालं. मुलगी पुण्यात असते. या हिवाळ्यात गाडीखाली तेलाचे डाग दिसू लागले, आणि वेग साठच्या पुढं गेला की गाडी अंगात आल्यासारखी हलायला लागली.

आधी गळती धरली. खाली पुठ्ठा टाकला. इंजिनचं तेल काळं पडतं. हे तांबूस, दाट आणि उग्र वासाचं होतं, म्हणजे गिअरबॉक्सचं. मग सगळा खालचा भाग रॉकेलनं पुसून कोरडा केला. कपाटात तिच्या पावडरचा डबा अर्धा शिल्लक होता. ती पावडर गिअरबॉक्सवर भुरभुरवली आणि धाराशिवच्या रस्त्याला एक फेरी मारून आलो. पांढऱ्यावर एकच ओली रेघ उमटली होती, गिअरबॉक्सच्या मागच्या तोंडापाशी, जिथून चाकं फिरवणारा लांब शाफ्ट मागं जातो. तिथलं तेल अडवणारं रबरी सील गेलं होतं. पण नुसतं सील बदलून भागणार नव्हतं. शाफ्ट हलत राहिला असता तर त्यानं नवं सीलही महिन्यात खाल्लं असतं.

गाडी साठला नेली आणि गिअर काढून न्यूट्रलवर पळू दिली. इंजिन शांत झालं तरी थरथर तशीच. म्हणजे इंजिन निर्दोष. दोष शाफ्टात की चाकात, हे मागं बसल्याशिवाय कळणार नव्हतं. शेजाऱ्याला बसवलं. तो उतरल्यावर म्हणाला, "मिस्त्री, जुनी गाडी हाय. हालणारच की."

दुसऱ्या दिवशी मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू केलं, तो मागच्या सीटखाली पत्र्यावर ठेवला आणि एकटाच निघालो. दहा-बारा किलोमीटरवर बाभळीच्या सावलीत गाडी लावून ऐकायला बसलो.

गाडीच्या मधोमध घुमल्यासारखा आवाज होता. वेग वाढेल तसा तो दाट होत होता. चाक असं बोलत नाही. शाफ्टच होता. आणि त्या आवाजावर माझाच आवाज ऐकू आला, "आता कसं?" थोड्या वेळानं पुन्हा, "आता कसं?" तिसऱ्या खेपेला विचारून मी थांबलो होतो आणि मग "बरं" असंही म्हणालो होतो.

हे मी बोललो होतो, हे मला ठाऊकच नव्हतं.

मी तिथंच बसून राहिलो. ज्वारीच्या रानातून एक बाई पाखरं हाकलत गेली. तिनं एकदा माझ्याकडं वळून पाहिलं.

घरी येऊन शाफ्ट उतरवला. तो दोन तुकड्यांचा आहे, मधल्या खाचांवर जोडलेला. दोन्ही टोकांना दोन बोटांसारखे काटे असतात, ते एका रेषेत यायला हवेत. ते नव्हते. वर्षश्राद्धानंतर, हाताला काहीतरी काम हवं म्हणून मी तो विनाकारण सुटा केला होता आणि एक खाच चुकवून बसवला होता. सुटा करायच्या आधी दोन्ही तुकड्यांवर खडूनं रेघ मारावी, म्हणजे पुन्हा तसाच जुळतो, हे मीच कितीतरी जणांना शिकवलंय.

काटे जुळवले, नवं सील बसवलं, तेल भरलं. येरमाळ्यापर्यंत जाऊन आलो. सत्तरलाही गाडी गुळगुळीत पळाली. खालचा पुठ्ठा चार दिवस कोरडा राहिला.

रविवारी मुलीचा फोन आला. "झाली का गाडी दुरुस्त?"

"झाली."

"बरं झालं. मग आता कुठं जाणार, बाबा?"

मी म्हणालो, "बघू." मग तिनं जेवणाचं विचारलं, आणि मी भाजी काय केली ते सांगितलं.